आतून विचारायला कोणी

बाजारात तेरड्याच्या जुड्या आल्या की त्या ओल्या देठांच्या वासाने मला रोह्यातली आमची भाड्याची खोली आठवते. लग्नाला चार महिने झाले होते. माहेर पेणला, सासू गावी आणि नवरा सेकंड शिफ्टला, कारण कंपनीला सणवार कळत नाहीत. गौरी आणायच्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या म्हातारीकडून मी तेरडा घेतला, तेव्हा तिने विचारलं, "घरात कोन हाय गो?" कोणी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग गौर उंबऱ्यावर आली की आतनं इचारील कोन?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "मीच विचारेन आणि मीच उत्तर देईन." "आसं कुटं आसतं व्हय?" म्हणत तिने पाटी उचलली आणि माझ्यामागून आली. पाय धुऊन ती आत गेली, मी डोक्यावर पदर घेऊन गौर हातात धरून बाहेर उभी राहिले. दुपारीच काढलेली रांगोळीची पावलं दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेली होती. आतून खणखणीत आवाज आला, "कोन आली गो?" 'गौर आली' हे उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दारात चार महिन्यांत मला कोणी असं विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "मी आले." म्हातारी आतून हळूच म्हणाली, "ये गो बाय, सोन्याच्या पावलांनी ये." आता मुलं लांब आहेत, शिफ्ट अजून तशाच आहेत, आणि दाराचं कुलूप मीच उघडते. गौर हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते, आणि आतून कोणी 'कोन आली गो?' विचारेल म्हणून थोडा वेळ वाट बघते.