फलक लावायला भिंत नव्हती

"भिंत नाही म्हणजे काय? शाळेला भिंत असतेच," बॉब म्हणाला.

"या शाळेला नाही."

बॉब आमचा डायरेक्टर. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका फाउंडेशनमध्ये मी प्रोग्रॅम ऑफिसर होते. म्हणजे श्रीमंतांचा पैसा गरजूंपर्यंत पोचवायचा आणि मधल्या मीटिंगा सोसायच्या.

पुण्याच्या विमलताईंचं प्रपोजल माझ्याकडे होतं. मजुरांच्या मुलांसाठी त्या बांधकामावरच पाळणाघर आणि बालवाडी चालवत. इमारत उभी राहिली की मजूर पुढच्या साइटवर जात, मागोमाग बालवाडीही. ग्रँट मिळाली नाही तर ती बंद होणार होती, आणि तान्ही पोरं पुन्हा मिक्सरशेजारी वाळूच्या ढिगावर.

पैसे मिसेस हॉलंड देणार होत्या, दिवंगत पतीच्या नावाने. बॉबने उत्साहात पितळी फलक आधीच करून घेतला होता. आमच्या धंद्यात याला डोनर रेकग्निशन म्हणतात. दात्याचं नाव कुठे आणि केवढं लावायचं, त्याचं शास्त्र. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवतात, तसंच. फक्त फलक फिरत नाही.

"बोर्डाला मी काय दाखवू? दुसरं प्रपोजल काढ, नलिनी. भिंतीवालं."

मीटिंग दुपारी होती, मिसेस हॉलंडही येणार होत्या. लंचला मी माझा स्टीलचा डबा उघडला. झाकणावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. नलूस मामाकडून सप्रेम भेट'. लग्नानंतर नागपूर सुटलं, बिऱ्हाडं बदलली, देश बदलला. मामा झाकणावर होता तिथेच होता.

डबा धुतला आणि बोर्डरूममध्ये नेला.

"तुझं जेवण झालं ना?" बॉब कुजबुजला.

मी डबा मिसेस हॉलंडच्या हातात दिला. "यावर लिहिलंय, 'मामाकडून'. आमच्याकडे देणारा भांड्यावर नाव घालतो. बालवाडीत मुलं रोज जेवतात. शाळा जाईल तिथे ताटल्या जातील, आणि ताटल्यांबरोबर तुमचे मिस्टर."

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "चेस्टरला एका जागी बसणं जमलंच नाही कधी. मुलं हे रोज वाचतील?"

"वाचता यायला लागलं की. त्यासाठीच शिक्षिका हव्यात."

त्या मोठ्याने हसल्या. "बॉब, शिक्षिकाही धर!"

ग्रँट तिथल्या तिथे मंजूर झाली. भिंतींवर आपला कधीच विश्वास नव्हता, असं बॉबने बोर्डाला सांगितलं.

पुढच्या वर्षी साइट व्हिजिटला, म्हणजे दिलेल्या पैशाचं काय झालं ते बघायला, मी पुण्याला गेले. बालवाडी नव्या बांधकामावर होती. पंगतीतल्या एका चिमुरडीने ताटलीवरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मला दरडावलं, "च चेस्टरचा!"

"चमच्याचा म्हणून सांगून दमले," विमलताई म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ."

परतल्यावर मी हे मिसेस हॉलंडना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घराण्यात अजून बरीच अक्षरं आहेत. पुढच्या बालवाडीचं बोल."

बॉबचा पितळी फलक ऑफिसचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कामी आला. नाव टिकवायचं तर भिंतीपेक्षा जेवणाचं भांडं बरं. ते निदान रोज घासलं जातं.