खोक्यावरचा शिक्का

इंदापूरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या बोळात गोकुळचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि गोकुळच्या पोटात कायम दुखत असायचं. दवाखान्यातलं दुखणं नव्हे. शेजारच्या रसवंतीत गर्दी झाली की दुखायचं, मेव्हण्यानं मोटारसायकल घेतली की दुखायचं. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे, एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकानात दोन कॉम्प्युटर, एक बाहेर, एक आत, आणि काचेमागं खेळांची रंगीत खोकी. परदेशातून आलेल्या त्या खोक्यांच्या कोपऱ्यात एक लहानसा शिक्का असायचा. अमुक खेळ सगळ्यांना चालेल, तमुक सतरा वर्षांच्या पुढच्यांनाच. गोकुळ 'सगळ्यांना' शिक्क्याचेच खेळ ठेवायचा. तहसील कचेरीत उताऱ्यासाठी आलेली माणसं, बाजाराला आलेल्या बाया बिनघोर पोरं त्याच्याकडं बसवून जायच्या. "आमच्यात खोक्यावर असतं त्येच आत असतं," हे वाक्य तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. त्याची बायको अनिता गल्ल्यावर बसायची. तीही अभिमानानं तेच सांगायची. गावात त्याला जी काही किंमत होती, ती ह्या वाक्याची होती.

मग समोर कळंबच्या सिद्धूनं तसंच दुकान टाकलं.

सिद्धूकडं एकच कॉम्प्युटर, तोही जुनापुराणा. पण ह्या पोराच्या बोटांत कला होती. त्याच्याकडं बंदुकीनं राक्षस मारायचा एक रक्तबंबाळ खेळ होता. त्या खेळाची चित्रं ज्या फायलींत होती, त्या त्यानं उघडल्या आणि एकेक चित्र बदलून टाकलं. राक्षसांची झाली रानडुकरं. दगडी भिंतींचा झाला ऊस. बंदूक गेली आणि हातात गोफण आली. रक्ताच्या जागी चिखल उडायला लागला आणि डुक्कर मरायच्या ऐवजी शेपूट वर करून पळायला लागलं. उसात शिरलेली डुकरं हाकलायची! पोरंच काय, पणदऱ्याकडून आलेले मिशीवाले शेतकरीसुद्धा रांगेत उभे राहायला लागले.

गोकुळच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या दारात उभा राहून तो समोरचा हशा ऐकायचा. प्रत्येक हशा त्याला आपल्यालाच हसल्यासारखा वाटायचा. "नवं हाय तवर हाय," असं तो अनिताला म्हणायचा. अनिताची नजर मात्र समोर लागलेली असायची. ते त्याला अधिक खुपायचं.

एकदा तो नुसता बघायला म्हणून समोर गेला. गोफण पडद्यावर अशी झोकात फिरत होती, की त्याच्याही तोंडून वाहवा निघता निघता राहिली.

"कुठनं शिकलास रं ही?" त्यानं विचारलं.

"वैनींनी दावली की, गोकुळभाऊ," सिद्धू सरळपणानं म्हणाला. "माझी उलटीच फिरत हुती. वैनी म्हनल्या, ल्हानपनी मी माळ्यावर उभं राहून जोंधळा राखलाय, बघ हितं. रिकामी गोफण घेऊन दावली."

आपली बायको! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला गोफण येते हे गोकुळला ठाऊक नव्हतं, आणि ह्या कालच्या पोराला ठाऊक होतं. त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला. अनितानं विचारलं तर म्हणाला, भाजी खारट झालीय.

दुसऱ्याच दिवशी त्यानं पुण्याची गाडी धरली आणि कुणा हौशी पोरानं बनवलेली एक सीडी घेऊन आला. गोकुळकडच्या मोटारींच्या शर्यतीच्या खेळात ती घातली, की रस्त्यावर माणसं चालायला लागत. माणसं उडवायची, काच लाल करायची. कॉलेजची पोरं ह्याच्यावर तुटून पडतील, मग बघतो डुकरं कोण हाकलतंय, असा त्याचा हिशेब. आतल्या मशीनवर त्यानं ते गुपचूप बसवलं. अनितालाही सांगितलं नाही. ल्हान पोरं बाहेरच्या मशीनवर बसतील, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण पोरं काय मशीन बघून बसतात होय?

एवढ्यावर थांबला असता तर तो गोकुळ कसला. सिद्धूच्या फळीवर मूळ खेळाचं खोकं धूळ खात पडलेलं त्याला दिसलं आणि कोपऱ्यातला शिक्का पाहून त्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. सतरा वर्षांपुढचा! तो थेट महिपती तात्यांकडं गेला. तात्या निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मान हलवली की निम्मं गाव मान हलवायचं.

बाजाराच्या दिवशी तात्या सिद्धूच्या दुकानात आले, मागं पोरांच्या आया आल्या. गोकुळनं फळीवरचं खोकं काढून उंच धरलं.

"बघा तात्या! ल्हान पोरांला काय खेळवतोय ह्यो! खोक्यावर असंल त्येच खरं."

"खोकं कंपनीच्या खेळाचं हाय, तात्या," सिद्धू म्हणाला. "आत म्या बदललंय. तुमीच बसा आन् बघा."

तात्या बसले. दोन डुकरं हाकलली, तिसरं निसटलं तसे चुकचुकले. मग चष्मा पुसत म्हणाले, "शिक्का मारणाऱ्यानं ह्येचा खेळ बघितलेलाच न्हाय. कंपनीचा बघितला. आत कुणी हात घातला, की वरचा शिक्का कामाचा न्हाय. बरा बदल असो, वाईट असो. मग आपुनच बघितलं पायजे."

"माझं तसं न्हाय!" गोकुळ ओरडला. "माझ्यात खोक्यावरचंच आत असतं!"

"मग तुझंबी बघू."

गोकुळच्या तोंडचं पाणी पळालं. "आता कशाला, तात्या? ऊन झालंय..."

पण अनिता पुढं झाली होती. नवऱ्याच्या शब्दावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती आणि ती घेऊ देणार नव्हती. "या की तात्या, बघा. आमाला कसली भीती?" असं म्हणत तिनं काचेमागचं मोटारीचं खोकं तात्यांच्या हातात दिलं, सगळ्यांना आत नेलं आणि आतल्या मशीनसमोर ताठ बसली. मोटार सुटली. पहिल्याच वळणावर एक म्हातारी आडवी आली आणि काच लाल झाली.

अनिताचा हात तिथंच थांबला. मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, माझं पोरगं काल ह्याच्यावरच बसलं हुतं."

अनितानं वळून नवऱ्याकडं पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त तात्यांच्या हातातलं खोकं काढून घेऊन पालथं ठेवलं.

दुकान बंद पडलं नाही. गोकुळनं सीडी मोडून टाकली, पण त्याचं ते वाक्य पुन्हा कुणी ऐकून घेतलं नाही. आता नवा खेळ आला, की अनिता आधी स्वतः बसते, शेवटापर्यंत खेळून बघते, मगच पोरांना बसू देते. सिद्धूसुद्धा एखादं चित्र बदललं की तिला बोलावून नेतो. बाया दारात येऊन एकच विचारतात, "अनिताताईंनी बघितलाय का?" हो म्हटलं की पोरं ठेवून निघून जातात. गल्ल्यावरच्या गोकुळकडं त्यांचं लक्षही जात नाही.

आणि गोकुळ तिथं बसून बायकोवर जळत असतो.