पाणी आहे तोवर

मेंढरं उठून गेलेल्या वावराला पहाटे एक उबदार वास येतो. दवात भिजलेल्या लेंड्यांचा, लोकरीचा, रात्रभर दाटीनं निजलेल्या अंगांचा. केंदूरच्या आमच्या मळ्यात नव्वदीच्या अखेरीपर्यंत दिवाळीनंतर तो दरवळे. मेंढपाळ भिवा आपला कळप आमच्या रानात बसवी. रानाला खत मिळे आणि बदल्यात उन्हाळ्यात त्याच्या मेंढरांना आमच्या विहिरीवर पाणी, ‘पाणी हाय तवर’.

शेवटच्या वर्षी बोली ठरताना मी सहज विचारलं होतं, “म्हणजे कुठवर?” थोरले बंधू आप्पा हसून म्हणाले होते, “बादली बुडती तवर.” भिवानं मान डोलावली. ऐकणारे आम्ही तिघंच.

चैत्रात उन्हं पांढरी झाली, विहिरीच्या तळाशी आभाळाचा एवढासा तुकडा उरला. आप्पांचा कांदा पोसायला आलेला, त्यासाठी विहिरीवर मोटार चालू. भिवा कळप घेऊन आला, तर आप्पा वाटेत आडवे उभे.

“पानी कुठाय? गाळ हाय त्यो.”

“मंग मोटार काय वारा वढती व्हय, आप्पा?” मेंढरं तहानेनं ओरडत असतानाही भिवाला थट्टा सुचली. मग तो माझ्याकडे वळला. “तात्या, तुमी सांगा. काय ठरलं व्हतं?”

बादली बुडत होती. मी म्हणालो, “पाणी कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं, बाबा.”

“आप्पांचं ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, “मी तुमच्या भरवशावर व्हतो.”

कळप वळला. वाटेत किती मेंढरं तहानेनं कोसळली, हे मी कधी विचारलं नाही. तो पुन्हा आमच्या रानात आला नाही.

आप्पा गेल्यावर कळलं, भिवा यवतजवळ शेती करून स्थिरावलाय. मी एस्टीनं गेलो. त्यानं शेवंतीच्या कडेला बाज टाकली, घरात चहा सांगितला. मी बोलून टाकलं: ठरलेलं सगळं मला आठवत होतं, तेव्हाही, अक्षर न् अक्षर.

त्यानं शेवंतीचं एक सुकलेलं फूल खुडून बाजूला टाकलं.

“मला वाटायचं, तात्या इसरलं आसत्याल,” तो हळू म्हणाला. “घरात बी तसंच सांगत आलो.”

फुलांवरून ऊन उतरत गेलं. इतकी वर्षं त्यानं माझ्यासाठी एक विस्मरण जपलं होतं, त्याच्या सावलीला मला माणूस म्हणून बसू दिलं होतं. खरं सांगून मी त्याला काही परत केलं, की उरलंसुरलंही काढून घेतलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.