मेहकर ते डोणगाव, स्पेशल

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालोच, कारण इराचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. इरा माझी लेक, सहा वर्षांची. तिची शाळा माझ्या ऑफिसजवळ, त्यामुळे वाघोली ते हिंजवडी ती रोज माझ्या गाडीत मागे बसते. जाताना दोन तास, येताना देवाच्या मनात असेल तेवढे. महिन्याला दहा हजारांचं पेट्रोल, वर तिच्या औषधाच्या पंपाचा खर्च. डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस या धुरातून बाहेर काढून बघा." मग डोणगावला माहेरी, दादाकडे जायचं ठरलं. तिथेही खोकली तर? आणि नाहीच खोकली, तर मग काय करायचं?

पुण्याहून मेहकरला ट्रॅव्हल्स मिळते. सुट्टीत भाडं भलतंच वाढतं, तेव्हा आधी बुक करा. सकाळी उतरलात की स्टँडजवळ गरम आलूबोंडा खा, पण पाणी हाताशी ठेवून. पुढे डोणगावसाठी काळी-पिवळी जीप, चाळीस रुपये सीट. आमच्या जीपमध्ये आधीच पाच बाया विळे आणि डबे घेऊन बसल्या होत्या. भरल्याशिवाय जीप हलत नाही, हे मी इथलीच असून विसरले होते. इरा खोकायला लागली आणि माझा धीर सुटला.

"भाऊ, कधी निघणार?"

"आणखी तीन सवाऱ्या येऊ द्या ना ताई."

"स्पेशल किती?"

त्यानं अख्ख्या जीपचे चारशे सांगितले. पुण्यात कॅबला मी याहून जास्त देते. बाया विळे-डबे घेऊन उतरल्या आणि आम्ही दोघी ऐसपैस बसून गेलो. खरं सांगते, तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

जेवणाचा डबा घेऊन दादाच्या शेतात गेले, तर सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी चालू आणि दादा अजून तणतणत होता. मजूर दीड तास उशिरा आले होते.

"काऊन इतका उशीर केला?"

"काय सांगू भाऊ, एक बाई पेशल घेऊन गेली ना गाडी," असं म्हणत मजुरांतल्या कमलाबाईंनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले.

दादानं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "तू होती का? काय व, दोघींसाठी अख्खी जीप!"

मी माफी मागितली. कमलाबाई हसल्या. "जाऊ द्या ताई. पोरगी खोकलून राह्यली होती म्हणून उतरलो. नाहीतं कायले उतरलो असतो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ज्वारीची भाकर, बेसन आणि ठेचा यावर दिवस छान चालले होते, मी मात्र खोकले मोजत होते. चौथ्या दिवसापासून पंप पिशवीतच राहिला. लोणारला जीपमध्ये दाटीवाटीनं, कुणाच्या तरी मांडीवर बसून इरा आली. सरोवराच्या काठापर्यंत उतरली, पुन्हा चढली, धापा टाकल्या, पण खोकली नाही. आनंद व्हायचा सोडून मला भीतीच वाटली.

"ठेव तिले इथंच," दादा म्हणाला. "गावातल्या शाळेत टाकतो."

रात्रभर विचार केला. एवढीशी पोर आईवाचून कशी राहील? खरं तर तिच्यावाचून मीच राहू शकले नसते. तिला घेऊन परत आले.

सोमवारी खराडीच्या सिग्नलला पहिला खोकला आला, काचा बंद असून. आजूबाजूला गाड्याच गाड्या आणि बहुतेक गाड्यांत एकेकच माणूस. इरा बराच वेळ बघत होती.

"आई, हे सगळे स्पेशल घेऊन चाललेत?"

"हो गं."

"मग ज्यांना उतरवलं, ते कुठे गेले?"

मी आरशातून मागे पाहिलं. ती पिशवीत पंप शोधत होती.