भांग लागला

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. वळणावर उभी असलेली बाई, बंद खोलीतला आवाज... मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझा विश्वास सरासरीवर. एखादी गोष्ट एकदाच घडली असेल तर आम्ही ती अपवाद म्हणून तक्त्यातून काढून टाकतो. माझ्या बाबतीत जे घडलं तेही एकदाच घडलं. काढून टाकायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून लिहितोय.

मी मूळचा घाटावरचा, साताऱ्याकडचा. नोकरीसाठी पालघरला आलो, बोईसरजवळ सरावलीत घर घेतलं. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलो, कारण त्याशिवाय नोकरीत पुढची पायरी नव्हती. तेव्हा विद्यापीठात वेगवेगळे विभाग जोडणाऱ्या संशोधनाची टूम निघाली होती. त्यामुळे माझा प्रबंध व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि सागरविज्ञान या तिघांच्या मध्ये लोंबकळत राहिला. विषय साधा होता — मासेमारी करणारी कुटुंबं कामाचे निर्णय कसे घेतात. मार्गदर्शक दोन. व्यवस्थापनाचे सर माणसांची प्रकरणं वाचायचे, सागरविज्ञानाच्या मॅडम पाण्याची. दोन्ही वाचणारा मी एकटाच. आणि मीही नीट वाचलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. तारापूरच्या पुढे एक खाडी आहे, तिच्या पलीकडच्या काठावर थोडी घरं. अलीकडे धक्का, तिथून दामू नावाचा माणूस होडीने पलीकडे सोडतो. त्या वस्तीत जयवंतीताईंचं घर. नवरा काशिनाथदादा समुद्रावर जाणारा, ताई बाजारात मासळी विकणाऱ्या. पहिल्या मुलाखतीला मी ओटीवर बसलो होतो, त्या सुकट निवडत होत्या.

"दादा महिन्याचे सगळे दिवस समुद्रावर जातात?" मी विचारलं.

"सगले कशाला? भांग लागला का घरीच असतात."

"भांग?"

"हां मंग. म्हयन्यातून दोनदा लागतो. नुसते बसून. मी बोलते, माझं डोकं खाऊ नका, जा पत्ते खेला."

त्या हसल्या. मी हसलो नाही. माझे वडील प्यायचे. आमच्याकडेही महिन्यातून असे दिवस असायचे आणि आईसुद्धा पाहुण्यांसमोर असंच हसून बोलायची. त्या वाक्यात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं, आणि एकदा ऐकू आलं म्हटल्यावर मी पुढे विचारलंच नाही. लिहून घेताना फक्त एक दुरुस्ती केली. त्या 'भांग लागला' म्हणाल्या होत्या. बोलीत लिंगाची चूक होते, असं समजून मी लिहिलं, 'भांग लागली'.

पुढच्या घरांमध्येही तेच वाक्य मिळालं. गावभर भांग. मला वाटलं, मोठंच काही हाती लागलं. विद्यापीठातल्या चर्चासत्रात वाचून दाखवलं, सरांनी पाठ थोपटली. एका स्थानिक पेपरात चार ओळी छापून आल्या — अमुक गावचे मच्छीमार भांगेच्या आहारी, संशोधनातून उघड. गावाचं नाव होतं. माझं नव्हतं.

त्यानंतर काही राहिलेले प्रश्न विचारायला मी पुन्हा त्या वस्तीत निघालो. मार्गशीर्षातली भर दुपार, ऊन असूनही अंगाला न लागणारं. धक्क्यावर दामूची होडी नव्हती आणि माणूसही नव्हतं. समोर खाडीत... कसं सांगू... पाणी होतं, दोन्ही बाजूंना होतं, पण मधून एक वाट उघडी पडली होती. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद. पाणी तिच्या दोन्ही अंगांना विंचरल्यासारखं चापून बसलेलं.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आज मागे वळून पाहताना हेच सगळ्यात विचित्र वाटतं. ओहोटी असेल, असं मनाशी म्हटलं आणि उतरलो.

पायाखाली पांढरी, कोरडी वाळू होती. पाऊल टाकलं की ती हलकेच श्वास सोडल्यासारखी वाजायची, बाकी आवाज कुठलाच नाही. मागे रस्त्यावर रिक्षा असतील, वाडीत कावळे असतील, पण कानावर काही येत नव्हतं. डावीकडच्या पाण्यात मासे उभे होते. पोहत नव्हते, नुसते थव्याने उभे, तोंडं माझ्याकडे करून. आणि वास येत होता खोबरेल तेलाचा — उन्हात तापलेल्या केसांना येतो ना, तसा.

मी घाई केली नाही. लहानपणी वडील घरी बसलेले असायचे त्या दिवसांत आई मला पुढ्यात घेऊन माझं डोकं विंचरायची, जरा जास्तच वेळ. मागे फणी फिरत राहायची आणि माझे डोळे मिटायचे. तसेच ते आता मिटत होते. मला वाटतं, थोडं अंतर मी डोळे मिटूनच चाललो. त्या वाटेवर मला कुणाचा राग नव्हता. वडिलांचासुद्धा.

पलीकडे चढलो तेव्हा जयवंतीताई ओटीवर बसून भाचीचे केस विंचरत होत्या. प्रांजल तिचं नाव, शाळेत जाणारी. फणीच्या टोकाने तिचा भांग पाडणं चाललं होतं.

"या सर. होडीवर कोन हाय? दामू तर बाजाराला गेला."

"होडी नव्हती. चालत आलो."

"कुटून?"

"खाडीतून."

प्रांजल फिसकन हसली. ताईंनी तिचं डोकं सरळ केलं. "हलू नको गो, भांग वाकडा होईल. सर, आज पुनव हाय. भर दुपारचं उधाण. बगा ना मागं."

मी मागे पाहिलं. खाडी काठोकाठ भरली होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागत होतं, बांधलेल्या होड्या रस्त्याच्या उंचीवर डुलत होत्या. वाट नव्हतीच. कधी असेल असंही वाटत नव्हतं.

"चक्कर आली का तुमाला? पानी देऊ?"

"ओहोटी होती, ताई. मधे वाळू होती."

"खाडीत वालू? चिखोल हाय तिथं, मानूस कमरेपर्यंत जाईल. आन् भांग असता तरी मधे पानी ऱ्हातंच."

"भांग असता म्हणजे?"

आता प्रांजल माझ्याकडे बघायला लागली. "सरांना भांग म्हाइत नाय?"

"गप गो. घाटावरचे हायत ते." मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं, "सर, पुनवेला आन् अवसेला उधाण. अष्टमीच्या आजूबाजूला पानी मंद पडतं, ना धड चढत ना उतरत. पान्याला ओढ नसली का आमचं जालं फुगत नाय. मंग समुद्रावर जाऊन करायचं काय? तोच भांग. तुमाला सांगितलं व्हतं की. लिवून घेतलंत तुमी."

लिहून घेतलं होतं. लागला नव्हे, लागली.

मॅडमच्या प्रकरणात हेच सगळं होतं, आकृत्यांसकट. प्रबंध इंग्रजीत. त्यांच्याकडे त्याचं नाव होतं नीप टाइड, माझ्याकडे नशा. एकाच पुठ्ठ्यात बांधायची दोन प्रकरणं, आणि मध्ये मी.

मी काही बोलणार तेवढ्यात ताईंनी आवाज खाली घेतला. "सर, एक काम व्हतं तुमच्याकडं. पेपरात आलं ना, आमच्या गावचे भांग पितात म्हनून... आमचे हे मालकरी, गल्यात तुलशीची माल. मासे मारतात, पन तोंडात घालत नाय. भजनाला गेले तर एकजन बोलला, काय काशिनाथ, माल गल्यात आन् गोली पोटात. सगले हसले. तवापासून माल देवापुडं काडून ठेवलीय. भजनाला जात नाय. कोनी लिवलं ता शोधून द्याल? तुमी शिकलेले, तुमच्या वलकी असतील."

आत कुणीतरी खाकरलं. काशिनाथदादा घरातच होते.

"बघतो," मी म्हणालो.

एवढंच. 'बघतो.' मग दामू आला आणि मी त्याच्या होडीने, त्याच भरलेल्या पाण्यावरून परत गेलो. घरी बूट काढले तर आत वाळू. पांढरी, कोरडी. विजारीच्या काठाला ओल नाही, चिखलाचा ठिपका नाही. बायको म्हणाली, "चौपाटीला गेला होतात की कामाला?"

मी चिमूटभर वाळू मॅडमना दाखवली. त्यांनी भिंगाखाली धरली, कुठून आणलीत म्हणाल्या. खाडीचं नाव आणि वेळ सांगितली, मधे वाळूची वाट दिसली म्हणालो. "तिथे वाळू नाही हो, गाळ आहे. मी स्वतः नमुने घेतलेत." भरती-ओहोटीचं कोष्टकही काढून दाखवलं. मी ज्या वेळी चालत होतो, त्या वेळी पाणी सगळ्यात उंच होतं. "धक्क्यावर डुलकी लागली असेल तुम्हाला." असेल. पण मग पलीकडे कसा पोचलो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का गेलो होतो, काय कळलं, तेही सांगावं लागलं असतं.

प्रबंध छपाईला जायचा होता. दुरुस्ती म्हणजे अख्खं प्रकरण मोडून पुन्हा बांधणं. मी केली नाही. तोंडी परीक्षेत कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांनी पाणी विचारलं नाही, मॅडमनी माणसं विचारली नाहीत. दाराच्या पाटीवर नावाच्या आधी डॉक्टर लागलं.

त्यानंतर काही वर्षं मी तारापूरच्या बाजूला फिरकलो नाही. पण वर्गात शिकवताना मधूनच खोबरेल तेलाचा वास यायचा आणि मी वाक्य विसरायचो. कॅलेंडरवर नजर गेली की आधी अष्टमी दिसायची... आज काशिनाथदादा घरी असतील.

शेवटी या वर्षी गेलो, मुद्दाम अष्टमीलाच. दादा ओटीवर जाळं विणत होते. गळा मोकळा. ताई दारात उभ्या राहिल्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, त्या 'लागली'सकट.

दादांचा हात थांबला नाही. हातातली ओळ पुरी करून म्हणाले, "म्हंजे तुमीच."

"हो."

"ही तुमाला बोलली व्हती, शोधून द्या. तवा म्हाइत व्हतं?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

ताई आत गेल्या. भांडी जरा मोठ्याने वाजली. दादांनी गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. "संध्याकाली भजन हाय. थितं येऊन बोला. मना सांगून काय? मना तर म्हाइतच हाय मी पीत नाय."

संध्याकाळी देवळात गेलो. टाळ खाली ठेवून सगळे ऐकत बसले. आयुष्यभर वर्गात बोलत आलोय, पण त्या दिवशी साधी वाक्यंही दोनदा सुरू करावी लागली. संपल्यावर कोपऱ्यातून एक म्हातारे म्हणाले, "काय ओ सर, तुमच्या घाटावर भांग नसतो?"

"असतो. पण फक्त डोक्यावर."

हसले सगळे. काशिनाथदादा हसले नाहीत. पण ते देवळात आले होते, दाराशी बसले होते, आणि भजन पुन्हा सुरू झालं तेव्हा शेजाऱ्याने सरकवलेले टाळ त्यांनी उचलले. माळ पुन्हा घातली का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क नाही.

विद्यापीठाला दुरुस्तीचं पत्र दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. पदवीचं जे व्हायचं ते होईल.

परत सोडायला दामू नव्हता. दादाच होडी घेऊन आले. उजेड मावळत होता, भांगाचं पाणी आरशासारखं पडून होतं. मध्यावर त्यांनी होडी थांबवली.

"ही बोलत व्हती, तुमी हितून चालत आलेलात. पुनवेला."

"हो, इथूनच."

त्यांनी हातातला बांबू सरळ पाण्यात खाली सोडला. जाईल तेवढा जाऊ दिला, मग वर ओढून टोक माझ्यासमोर धरलं. काळा, दाट गाळ. मी नुसती मान हलवली. ते मला खोटारडा म्हणाले असते तरी चाललं असतं, एकदा ठरलोच होतो. पण त्यांनी बांबू पाण्यात हलवून धुतला आणि विचारलं, "वालू ठेवलीय का?"

"ठेवलीय."

"पुडच्या टायमाला आना. बगू."

ती एका लहान डबीत आहे. मला तिचं काहीही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. पुढच्या अष्टमीला घेऊन जाणार आहे.