जाहिरातींच्या वेळातली राणी

माझा मामा दशावतारात बायकांची कामं करायचा. तीसेक वर्षं त्याने राण्या केल्या, गवळणी केल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायका केल्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा थांबला. गेल्या वर्षी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात वेळेवर थेंब घालायला त्याच्या घरी कोणी नव्हतं, म्हणून मी त्याला पिंगुळीहून आठ दिवसांसाठी जामसंड्याला आमच्याकडे घेऊन आले.

आमच्याकडे साडेसातला टीव्ही लागतो. आधी विनोदी कार्यक्रम, मग गाण्याची स्पर्धा. नवरा आंब्याच्या कलमांच्या बागेतून येऊन, आंघोळ करून बसतो. सासूबाई लसूण सोलायला घेतात. मी बँकेतून आले की तिथेच भाजी चिरते. मला हे कार्यक्रम आवडत नाहीत, असं मी रोज सांगते आणि रोज बघते.

विनोद म्हणजे काय, हे त्या लोकांनी एकदा ठरवून टाकलंय. जाडा माणूस पडला की विनोद. काळ्याला काळा म्हटलं की विनोद. आणि आमची बोली बोलणारा एक गडी हवाच. तो बहुतेक वेळा नोकर असतो, नाहीतर बेवडा. त्याने 'माका' म्हटलं की हशा. आम्ही घरात दिवसभर माका-तुका करतो, आजवर त्यावर कोणी हसलेलं नाही. पण टीव्हीतल्या गड्याने म्हटलं की माझा नवरा मांडीवर थाप मारून हसतो.

त्या संध्याकाळी एक दांडगा नट साडी नेसून आला. छातीत दोन फुगे भरलेले. एक फुगा खाली घसरला, मग त्याने तो सगळ्यांसमोर वर चढवला. एवढंच. पुढे दहा मिनिटं तेच चाललं.

"मामानू," नवरा हसत म्हणाला, "हो तुमच्याच लायनीतलो मां?"

माझा विळीवरचा हात थांबला. मामा काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसला होता. त्याने थोडं पुढे वाकून नीट पाहिलं.

"निरी उलटी घातल्यान," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मगासून हसतत ती माणसां खंय बसली आसत?"

"माणसां नसतत, मामा. हसण्याचो आवाज आदीच भरून ठेयलेलो असता," मी सांगितलं.

"म्हंजे हसाचो तरास सुदिक आमका नको."

मग स्पर्धा सुरू झाली. गायला एक मुलगा उभा राहिला, पण त्याला गाऊ देतंय कोण? आधी त्याचं गळकं घर दाखवलं. मग चुलीपुढे त्याची आई. ती रडली, ते तीनदा दाखवलं, तिसऱ्यांदा सावकाश. मागे व्हायोलिन. परीक्षकबाईंनी डोळे टिपले, तेही अशा बेताने की काजळ जागच्या जागी राहावं. आमच्या सासूबाईंनी लसणाच्या हाताने डोळे पुसले आणि मग त्या खरोखरच रडू लागल्या.

"ह्यो गातलो कधी?" मामाने विचारलं.

"गायत मां. आदी तेची गोष्ट सांगतत," सासूबाई म्हणाल्या.

मुलाने तोंड उघडलं आणि जाहिराती लागल्या. नवऱ्याने आवाज बंद केला. तेवढ्यात सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या मामाला म्हणाल्या, "तुमी कायतरी करून दाखवा मां. मी तुमचा काम कधी बगूक नाय."

मला वाटलं तो नाही म्हणेल. पण त्याने खांद्यावरचा पंचा काढला, पदरासारखा डोक्यावरून घेतला आणि बसल्या जागीच मान थोडी कलती केली. तेवढ्याने तो कोणी दुसराच झाला. वनवासाला निघालेली राणी दासीला घर सोपवून देते, असा तो प्रवेश. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. इथे मामा बसून रचत होता. तुळशीला पाणी कोणी घालायचं, सासऱ्यांना जेवणात काय चालत नाही, असली साधीच बोलणी. आवाज त्याचाच, म्हातारा, किंचित घोगरा. रडला नाही. डोळ्यांना ते चालणारही नव्हतं. पण सासूबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

राणी धाकट्या मुलाबद्दल सांगायला लागली, "तेका काळोखात भय वाटता, तेका..." आणि टीव्हीचा आवाज खणकन आला. जाहिराती संपल्या होत्या. रिमोट नवऱ्याच्या हातात होता.

मामाने वाक्य तिथेच सोडलं. पंचा काढून, घडी घालून पुन्हा खांद्यावर ठेवला. मुलाने एकदाचं दीड कडवं म्हटलं, आणि परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात मी नवऱ्याला धरलं. "तुमका थोडो तरी धीर धरूक येणा नाय?"

"माका वाटला संपला," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मामाने ते ऐकलं असावं. मी पेज वाढत होते तेव्हा मला म्हणाला, "तेची चूक नाय गो. मियाच लांबवलंय."

मी मान डोलावली. त्याला सांगण्यासारखं एक माझ्याकडेही होतं, ते मी सांगितलं नाही. आवाज आला तेव्हा नवऱ्याच्या हातून रिमोट घ्यायला मी पुढे झाले नव्हते. माझी मान आपसूक पडद्याकडे वळली होती, तो मुलगा आता तरी गातो का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी नवरा मोबाईल घेऊन मामापुढे बसला. "कालचा परत करा, मामानू. व्हिडिओ काढतंय. लोक बगतीत."

"काल होता ता काल," मामा म्हणाला आणि थेंबांसाठी मान मागे टाकून वाट बघत राहिला.