एकोणीस तासांचं विमान

माझे थोरले साडू रंगनाथराव विमानात पंधरा तास बसून आले आणि तेव्हापासून सासुरवाडीत मी जमिनीवर बसतो.

सासुरवाडी नरसीला. तिथं कूलरपुढं एकच खुर्ची, आणि ती मानाच्या जावयाची. साडूंचं कळमनुरीत खताचं दुकान, मी बाळापूरला मास्तर. त्यामुळं खुर्चीचा निकाल बरीच वर्षं लागला नव्हता. मग ते लेकीकडं टोरांटोला गेले. आल्यापासून कुठलाही विषय काढा, तो दिल्लीहून उडायचा. कुणी म्हणालं, यंदा सोयाबीनला फुलं कमी, की हे म्हणायचे, "खाली बर्फच बर्फ. साडेअकरा हजार किलोमीटर. पंधरा तास बूड हललं न्हाई." सासूबाई त्यांच्या पोळीवर तुपाची धार धरायच्या. माझ्या पोळीपाशी येईस्तोवर वाटी रिकामी. जळत होतो मी, खोटं कशाला बोलू.

अशात आमचं पोरगं, संदीप, गुवाहाटीला नोकरीला लागलं. म्हणालं, "दादा, तुमी न् आई या. हैदराबादहून सरळ विमान हाय, तीन तासांत इथं."

"तीन तास?" माझा चेहराच उतरला. "आरं, हिंगोलीहून संभाजीनगरला एसटी याच्याहून जास्त वेळ घेती. लांबचं बघ की जरा."

"लांबचं काहून? गाव तर तेच हाय."

"तुला काय करायचं? सगळ्यात जास्त तासांचं काढ."

त्यानं काढलं. तिकिटावर एकोणीस तास. साडूंपेक्षा चार जास्त! मी तिकिटाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना धाडला. (खालच्या बारीक ओळीही वाचाव्यात, असं मी वर्गात रोज सांगतो.) वारंगा फाट्यावर आम्हाला हैदराबादच्या गाडीत बसवून द्यायला सासरची माणसं जीप भरून आली. साडूंनी स्वतः माझ्या गळ्यात हार घातला, तोंड कडू करून. तो हार मी गाडी तेलंगणात शिरेपर्यंत काढला नाही.

विमान उडालं आणि दोन-सव्वादोन तासांत उतरलंही. मी जागचा उठेना. बायको, सुमन, पिशवी काढायला लागली तर तिलाच दटावलं, "बस खाली. सतरा तास बाकी हायत." शेवटी त्या विमानातल्या पोरीनं समजावलं, काका, ही दिल्ली, पुढचं विमान चौदा तासांनी. ते चौदा तास आम्ही विमानतळावरच्या खुर्च्यांवर सुमननं बांधून आणलेले धपाटे खात काढले. समोरच्या पाटीवर टोरांटोचं नाव आलं आणि गेलं. तेही वेळेवर.

परतल्यावर मात्र सासूबाईंनी कूलरपुढची खुर्ची मला दिली. तूपही आधी मला. साडू चटईवर. मी ढगांचं वर्णन करून राहिलो होतो, तेवढ्यात त्यांनी गरीब आवाजात विचारलं, "एकोणीस तासांत जेवण कितीदा दिलं हो? आमाला तीनदा दिलं."

मी आठवल्यासारखं करत होतो, तर आतून सुमन म्हणाली, "कशाचं जेवण, दाजी? दिल्लीत चौदा तास खुर्चीवर बसून माझेच धपाटे संपवले यांनी."

सासूबाईंनी माझ्यापुढची तुपाची वाटी उचलली आणि फार मायेनं म्हणाल्या, "खुर्चीवर लई बसणं झालं तुमचं, जावईबापू. कंबर धरली असंल. घटकाभर खाली बसा, आराम पडंल."

त्यानंतर दिवाळी होऊन गेली, संक्रांत होऊन गेली. मी अजून आरामच करून राहिलो.